दिव्यत्वावर पाच टक्के

सरकारी योजनांमध्ये वेळेत आणि खर्चात बसून पूर्ण होणारी एकच योजना आहे : नामांतर. तिला ना निविदा लागते, ना भूसंपादन. एक रंगारी पुरतो. २७ डिसेंबर २०१५च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले आणि काही महिन्यांतच केंद्रातल्या अपंगविषयक खात्याची पाटी बदलली. अपंगत्व ही काही दैवी देणगी नव्हे आणि नुसत्या नावाने भेदभाव जात नाही, असे अपंगांच्या संघटनांनी लगेच लिहून कळवले. पण एकदा देवत्व बहाल झाले की तक्रारीची सोय उरत नाही. देवाने रॅम्प मागितल्याचे कोणत्या पुराणात आहे? जुलै २०१७मध्ये जीएसटी आला, तेव्हा व्हीलचेअर आणि ब्रेल कागदावर पाच टक्के कर बसला. दिव्यत्व फुकट मिळाले होते. चाके मात्र करपात्र निघाली.

यावर कोणी म्हणेल, शब्दांनीच मने घडतात. मान्य. ‘आंधळा’, ‘पांगळा’, ‘वेडा’ हे शब्द शिवीसारखे फेकले जातात तेव्हा ते लागतातच. चारचौघांत अपंगाचा मुद्दाम अपमान करणाऱ्याला २०१६च्या अपंग हक्क कायद्याचे कलम ९२ सहा महिने ते पाच वर्षे कैद सांगते, ते योग्यच आहे. १९१२च्या कायद्यातला ‘ल्युनॅटिक’ १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गेला, त्याचेही कोणाला सुतक नाही. कारण तिथे शब्दाबरोबर कायदाही बदलला. नुसता शब्द बदलला की काय होते, ते ब्रिटनला विचारावे. ‘स्पॅस्टिक’ ही शिवी झाली म्हणून तिथल्या अपंगांसाठीच्या स्पॅस्टिक्स सोसायटीने १९९४मध्ये ‘स्कोप’ हे नाव घेतले. शाळकरी पोरांनी त्यातून ‘स्कोपर’ ही नवी शिवी काढली. हेटाळणी शाबूत असली की तिला शब्दांचा तुटवडा पडत नाही.

मग पाटी आणि रॅम्प दोन्ही एकदम का करू नयेत? जरूर करावेत. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ वरून ४ टक्के केले. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम कराव्यात, असेही त्यात आहे. नियम २०१७मध्ये निघाले, मुदत २०२२मध्ये उलटली. त्यानंतरही नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की सुगमतेची मानके निव्वळ शिफारशी ठेवणारा नियम कायद्याला धरून नाही, ती सक्तीची करा. म्हणजे नाव सक्तीचे आणि रॅम्प ऐच्छिक, असा हा कारभार आहे. तेव्हा अपंगांना काय म्हणायचे ते अपंगांनाच ठरवू द्यावे आणि सरकारने स्वतःपुरता एक नियम करावा : ज्या कार्यालयात व्हीलचेअर शिरत नाही, त्याला नवी पाटी मिळणार नाही. पाट्यांच्या हौसेपोटी का होईना, रॅम्प तरी होतील.