सर्व्हरला ‘बघू’ कळत नाही

कॉलेजात मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं आणि महिना उलटला तरी ते बसलं नाही, की सगळे सर्व्हरवरच्या लिनक्सच्या नावाने बोटं मोडायला लागतात. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊसला कोणी विचारत नाही, आणि एक स्पेस चुकली की मुसळ केरात. आरोप सोयीचा आहे, कारण बैठकीत उलट बोलायला लिनक्स हजर नसतो. पण पुरावा तपासला तर नाचता येईना अंगण वाकडं, यापलीकडे त्यात फारसं काही निघत नाही. माझं म्हणणं एवढंच की घोडं लिनक्सपाशी अडत नाही. संस्थेने वर्षानुवर्षं जे प्रश्न टाळले, नेमके तेच हे सॉफ्टवेअर विचारतं आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही, तिथे ते अडतं.

आधी काळ्या स्क्रीनचा हिशेब करू. उबुंटू या लिनक्सवर अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस चढवायला मोजक्याच कमांड पुरतात. मग मूडलचा इन्स्टॉलर एक लांबलचक तक्ता पुढे ठेवतो. पीएचपीचं ‘इंटल’ हे एक्स्टेन्शन नाही, ‘सोप’ नाही, ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ हे सेटिंग १००० आहे, ते ५००० हवं. अर्जातल्या झाडून सगळ्या त्रुटी पहिल्याच खेपेला, एकाच कागदावर आणि लेखी मिळाल्या, असं कुठल्या कचेरीत घडलंय? इथे ते घडतं, आणि तरी आपण म्हणतो की लिनक्स अवघड आहे.

लिनक्सचं वकीलपत्र घेतलं म्हणून त्याची पापं झाकायची नाहीत. उबुंटूवर पीएचपीच्या सेटिंगची फाईल एकाच नावाने दोन ठिकाणी नांदते, एक अपाचीसाठी आणि एक कमांड लाइनसाठी. माणूस इमानेइतबारे अपलोडची मर्यादा २ एमबीची १०० करतो, पान रिफ्रेश करतो, तर मर्यादा २च. फाईल पुन्हा उघडतो, तर आत १००च. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडायची वेळ येते तेव्हा कळतं की बदललेली फाईल दुसरीच होती. किंवा फाईल बरोबर होती, पण अपाची रीस्टार्ट करायचं राहून गेलं. त्यातून सुटावं तर पोस्टची वेगळी मर्यादा ८ एमबीवर दबा धरून बसलेली असते. अपाचीऐवजी एनजिनएक्स असेल तर त्याची स्वतःची १ एमबी. वर मूडलमध्ये साइटची मर्यादा निराळी, कोर्सची निराळी, असाइनमेंटची निराळी, आणि सगळ्यांत जी लहान तीच खरी. हा छळ आहे, मान्य. पण तो फार तर अर्ध्या दिवसाचा. विद्यार्थ्याने प्रकल्पाची फाईल जास्तीत जास्त केवढी द्यायची, हे संस्थेला विचारून बघा. मराठी विभाग म्हणतो ५ एमबी खूप झाले, मास मीडियावाल्यांना व्हिडिओ हवेत, आणि डिस्क केवढी आहे हे विचारणं कोणालाच आपलं काम वाटत नाही. या प्रश्नाला सत्र पुरत नाही.

परवानग्यांचंही तेच. वाटणी अगदी साधी आहे. कोडच्या फोल्डरमध्ये वेब सर्व्हरने वाचावं, लिहू नये. मूडलडेटा या फोल्डरमध्ये त्याने लिहावं, पण ते फोल्डर वेबच्या आवाराबाहेर असावं, म्हणजे ब्राउझरमधून कोणी थेट आत डोकावणार नाही. एरर आली की मात्र आपला राष्ट्रीय उपाय ठरलेला आहे: ७७७. या आकड्याचा अर्थ असा की कोणीही यावं, वाचावं, लिहावं, चालवावं. एरर जाते आणि लोक टाळ्या वाजवतात. लिनक्सने विचारलं होतं ‘कोणाला?’, आणि आपण म्हणालो ‘सगळ्यांना’, कारण एकाचं नाव घेतलं असतं तर दुसरा रुसला असता.

खरी मजा पुढे, भूमिका ठरवताना येते. मूडलमध्ये व्यवस्थापक असतो, कोर्स तयार करणारा असतो, शिक्षक असतो, आणि शिकवू शकतो पण कोर्समध्ये फेरफार करू शकत नाही असा एक दुय्यम शिक्षकही असतो. आता तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना यातलं काय द्यायचं? पेपर तेच शिकवतात, चाचणी तेच काढतात, पण कोर्सवर नाव विभागप्रमुखांचं हवं. प्राचार्यांना ॲडमिनचेच अधिकार हवे असतात. वापरायचे नसतात, नुसते हवे असतात. मूडल प्रत्येक अधिकारापुढे चार पर्याय ठेवतं: वरून आलंय ते चालू द्या, परवानगी आहे, परवानगी नाही, आणि सक्त मनाई. तिसरा पर्याय खालच्या पातळीवर फिरवता येतो, चौथा कुठेही फिरवता येत नाही. दोन तऱ्हेचे नकार बाळगणाऱ्या सॉफ्टवेअरला आपल्या प्रशासनाची जाण नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण ‘बघू’ हा पाचवा पर्याय त्यात नाही, आणि आपला निम्मा कारभार त्यावरच चाललेला असतो.

वेळेच्या बाबतीतही हाच करडेपणा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं. मूडलमध्ये आशिया/कोलकाता निवडायचं राहिलं तर सकाळी १०ची चाचणी दुपारी साडेतीनला उघडते. शिवाय वेळ संपल्यावर काय करायचं, हे आधीच सांगावं लागतं: उत्तरं आपोआप जमा करायची, थोडी सवलत द्यायची, की उशिरा आलेली धरायचीच नाहीत? ‘शेवटची ओळ आहे सर’ म्हणत पेपर धरून ठेवणारा विद्यार्थी आणि दुसरीकडे बघणारे सर, ही परंपरा इथे चालवायची तर सवलतीचे सेकंद आकड्यात लिहून द्यावे लागतात.

हा काटेकोरपणा कुठून आला, त्याचा थोडा माग लागतो. मार्टिन डुगियामास हे ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटी ही विकतची प्रणाली सांभाळत. तिला कंटाळून त्यांनी स्वतःची लिहिली, आणि २० ऑगस्ट २००२ रोजी मूडल १.० बाहेर आलं. त्यांचं लहानपण वाळवंटातल्या वस्तीत गेलं आणि शिक्षण रेडिओवरच्या शाळेतून झालं. शिक्षक शेकडो मैलांवर असला की ‘जरा केबिनमध्ये येऊन जा’ चालत नाही. कोणी, काय, कधी, हे आधीच ठरवावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप हवाच कशाला, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे की! आहे, आणि तो झकास चालतो, कारण तो काहीच विचारत नाही. पण जुलैत टाकलेल्या नोट्स डिसेंबरात सापडत नाहीत, आणि कोणी काय जमा केलं याचा पुरावा मागितला तर सगळे एकमेकांचे फोन उघडून बसतात. नोट्सवरून आठवलं. मूडल फाईल तिच्या नावाने नव्हे, तर मजकुरावरून काढलेल्या सांकेतिक क्रमांकाने साठवतं. त्यामुळे तीच पीडीएफ दर वर्षी नव्या नावाने चढवली तरी डिस्कवर ती एकच राहते. सर्व्हर याबद्दल कोणाजवळ बोलत नाही, हे त्याचे उपकार.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: तालुक्याच्या कॉलेजात हे करणारा माणूसच नसतो. खरं आहे. मूडल जीपीएल परवान्याखाली फुकट मिळतं, म्हणून ते सांभाळणाराही फुकट मिळेल असा संस्थाचालकांचा समज असतो, आणि काम संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा प्रयोगशाळा सहायकाच्या गळ्यात पडतं. पण त्याची अडचणही नीट पाहा. कमांड त्याला शिकता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही केले आहेत. ठरलेली कामं उरकायला दर मिनिटाला चालणारा क्रॉन तो एका ओळीत लावतो. मात्र कोणत्या वर्गाला कोण शिकवतं, याची अद्ययावत यादी त्याला कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही. ती कार्यालयात मिळायला हवी, आणि कार्यालय म्हणतं विभागाला विचारा. शेवटी तो ७७७ करतो, सगळ्यांना शिक्षक करून टाकतो, आणि नॅकच्या मूल्यांकनाआधी मुखपृष्ठावर कॉलेजचं बोधचिन्ह चढवतो.

तेव्हा प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना एकच विनंती. मूडलच्या कॉन्फिग फाइलीत साइटचा एकच पत्ता लिहिलेला असतो, आणि तो पत्ता बंद पडला की धडधाकट सर्व्हरही कोणाला सापडत नाही. तुमच्या कॉलेजचं डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदवलेलं आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे या आठवड्यात पाहून घ्या. ते गृहस्थ अजून नोकरीत आहेत का, हेही.