डिस्क दिसत नाही? हात आवरा

सर्व्हरवर नवी ओएस टाकायला घेतली आणि पडद्यावर 'एकही ड्राइव्ह सापडला नाही' असं आलं, की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'डिस्क गेली वाटतं.' दुसरं त्याहून घातक : 'रेड नव्याने बनवून बघू.' डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते. त्या दुसऱ्या वाक्याने मात्र डेटा खरोखरच जातो.

विषय आत्ता काढायला कारण आहे. विंडोज सर्व्हर २०१२चा एक्स्टेंडेड सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला संपला, सेंटओएस ७चा ३० जून २०२४ला. वागळे इस्टेटमधली वर्कशॉप, डोंबिवली एमआयडीसीतले छोटे कारखाने, नौपाड्यातली सीए ऑफिसं, कल्याणातल्या पतपेढ्या, कुठेही जा, फायलींच्या कपाटाशेजारी असा एखादा जुना सर्व्हर घरघरत असतो. मशीन तेच ठेवू, ओएस फक्त नवी टाकू, हा मालकाचा हिशेब. तो चुकीचा नाही. पण जुनं मशीन आणि नवी ओएस यांची गाठ पडते रेड कंट्रोलरपाशी, आणि तिथेच सगळं अडतं.

रेडची कल्पना १९८८ची. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी ती मांडली : एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि एखादी गेली तरी काम चालू राहील अशा रीतीने माहिती त्यांच्यात वाटून ठेवायची. सर्व्हरमध्ये ही बांधणी कंट्रोलर कार्ड सांभाळतं. ओएसला सुट्या डिस्क दिसत नाहीत, कंट्रोलर दाखवेल तो सलग व्हॉल्यूम दिसतो. आणि कंट्रोलरशी बोलायला ड्रायव्हर लागतो. इन्स्टॉलरकडे तो नसला, तर चार चांगल्या डिस्क आत फिरत असूनही यादी रिकामी येते. बस्स, बहुतेकदा एवढंच झालेलं असतं.

विंडोजमध्ये उपाय त्याच पडद्यावर लिहिलेला असतो : 'लोड ड्रायव्हर'. तरीही माणसं तासन् तास अडकतात, तेही एका साध्या गोष्टीत. कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर बऱ्याचदा ईएक्सई फाइल असतो. ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली जाते आणि इन्स्टॉलरला त्यात काहीच मिळत नाही. त्याला हवी असते आतली आयएनएफ फाइल आणि तिच्या सोबतची एसवायएस. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती ईएक्सई सोडवा, निघालेलं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, पुन्हा 'लोड ड्रायव्हर' दाबा. ड्रायव्हर त्या कार्डाचा आणि त्या ओएसचा असेल तर व्हॉल्यूम समोर येतो. डेलच्या सर्व्हरमध्ये लाइफसायकल कंट्रोलर असतो, एचपीच्या प्रोलायंटमध्ये इंटेलिजंट प्रोव्हिजनिंग. तिथून इन्स्टॉलेशन सुरू केलं, तर त्या मशीनवर चालणाऱ्या ओएससाठी ड्रायव्हर तेच पुरवतात. ही सोय मशीनच्या किमतीतच आलेली असते, आणि पुष्कळ ऑफिसांत ती वर्षानुवर्षं कुणी उघडतही नाही.

लिनक्सवाल्यांची अडचण जास्त चीड आणणारी आहे. २०१९च्या रेड हॅट ८ने जुन्या कंट्रोलरची मोठी यादी सपोर्टमधून काढून टाकली. डेलची पर्क ६/आय आणि एच२०० ही कार्डं त्यात गेली. सेंटओएस ७ वर ती बिनतक्रार चालत होती. रॉकी आणि अल्मा या रेड हॅटच्याच वळणाच्या ओएस, त्यामुळे त्या टाकायला गेलं की तेच कार्ड, त्याच डिस्क, आणि समोर काहीच नाही. हार्डवेअर बिघडलेलं नाही, ते यादीतून वगळलेलं आहे. ईएलरेपो या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने अशा कार्डांसाठी ड्रायव्हर डिस्क करून ठेवल्या आहेत. पेनड्राइव्हला 'ओईएमडीआरव्ही' हे लेबल असलं की इन्स्टॉलर ती स्वतःहून शोधतो. अल्माने तर मे २०२४च्या ९.४ आवृत्तीत बरीच जुनी कार्डं परत घेतली. पाच-सहा माणसांच्या ऑफिसावर हे मोठे उपकार आहेत. नवं मशीन घ्या असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हे माहीत नसेल, तर त्याचा सल्ला घेऊ नका.

कधी व्हॉल्यूम दिसतो, पण पूर्ण वापरता येत नाही. दोन टीबीच्या चार डिस्क रेड ५मध्ये बांधल्या तर सहा टीबी मिळायला हवेत, आणि इन्स्टॉलर दोन टीबीपुढे हात लावू देत नाही. ही एमबीआर या जुन्या पद्धतीची मर्यादा. मशीन यूईएफआय मोडमध्ये सुरू करून तिच्याऐवजी जीपीटी घ्या. मशीनला यूईएफआय नसेल तर ओएससाठी कंट्रोलरवरच एक लहान वेगळा व्हॉल्यूम काढा. हे सगळं डिस्क कोऱ्या असतानाच करायचं, आत डेटा असताना नाही.

आता खरा धोक्याचा क्षण. मदरबोर्ड किंवा कार्ड बदललं, डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावल्या, की सुरू होतानाच कंट्रोलर सांगतो : फॉरिन कॉन्फिगरेशन सापडलं. अर्थ इतकाच, की डिस्कवर रेडची माहिती आहे पण ती या कार्डाच्या ओळखीची नाही. मेनूत दोन पर्याय शेजारी-शेजारी असतात, इम्पोर्ट आणि क्लिअर. इम्पोर्टने जुनी बांधणी जशीच्या तशी परत येऊ शकते. क्लिअरने ती नोंद पुसली जाते, आणि मग कुणी नवा व्हॉल्यूम करून 'इनिशियलाइज' दाबलं की डेटा परत मिळवणं फार महाग पडतं, कधी अशक्यच होतं. काम सुरू होतं ऑफिस सुटल्यावर, इंजिनिअरला शेवटची कर्जत लोकल पकडायची असते, मालकाला सकाळी दहाला बिलिंग चालू हवं असतं. चुकीचं बटण दाबलं जातं ते या घाईत. खात्री नसेल तर मशीन बंद करा, प्रत्येक डिस्कवर खणाचा नंबर लिहा आणि घरी जा. सकाळी बिलिंग बंद राहिलं तरी चालेल.

विजेचंही बोललं पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईसह ठाण्याची वीज गेली. चांगला कंट्रोलर अशा वेळी कॅश या तात्पुरत्या मेमरीत अडकलेलं लिखाण बॅटरीवर जपून ठेवतो. बॅटरी मेली की तो सहसा स्वतःच कॅशमधून लिहिणं थांबवतो आणि सर्व्हर मंदावतो. मग 'फास्ट करून देतो' म्हणत कुणीतरी बॅटरी नसतानाही ते जबरदस्तीने चालू करतं. पुढच्या वेळी वीज गेली की कॅशमधलं लिखाण गेलं. हा गुन्हा आहे, असंच मी म्हणेन.

आणि रेडला बॅकअप समजणं थांबवा. चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच इमानाने सगळीकडून पुसतो. वेगळ्या जागी ठेवलेली प्रत हाच बॅकअप.

कल्याण-डोंबिवली महापालिकेचं ई-गव्हर्नन्स राज्याने इतर पालिकांसाठी नमुना म्हणून उचललं होतं. त्याच शहरातल्या ऑफिसांत सर्व्हरची माहिती एका माणसाच्या डोक्यात असते, आणि त्याने नोकरी बदलली की तीही जाते. कंट्रोलरचं मॉडेल, रेडची लेव्हल, कुठली डिस्क कुठल्या खणात, बॅटरी कधी बदलली, कुठला ड्रायव्हर लागतो, एवढं एका कागदावर लिहून सर्व्हरला चिकटवायला हवं. उद्याच तुमच्या सर्व्हरवाल्याकडे तो कागद मागा, आणि एएमसीचं पुढचं बिल तो हातात पडल्यावरच द्या.