खिळा मारू नये

शनिवारवाडा बांधायला १६ हजार ११० रुपये लागले, असं सांगतात. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. म्हणजे पहिल्या बाजीरावाला दोन वर्षांत ताबा मिळाला. हल्ली तेवढ्या पैशात धायरीत वन बीएचकेचं एका महिन्याचं भाडं जेमतेम भागतं, आणि दोन वर्षांत ताबा देणारा बिल्डर भेटलाच तर सत्यनारायण त्याच्याच घरी घालावा. पेशव्यांना मुद्रांक शुल्क नव्हतं, पार्किंगचे वेगळे पैसे नव्हते, हे मान्य. पण एवढा थोरला वाडा १८२८ मध्ये आगीत गेला. शंभरीसुद्धा गाठली नाही. ‘स्वतःचं ते स्वतःचं, कायमचं’ असं मला कुणी समजावू लागलं, की मी त्यांना संध्याकाळी शनिवारवाड्याकडे फिरायला घेऊन जाते.

हे असं निवांतपणे बोलायला जमतं, कारण आमचं आता ठरलंय. पुण्यात घर घेणं आपल्याच्यानं होणार नाही. यात वैराग्य वगैरे काही नाही, साधा हिशेब आहे. एक बरा फ्लॅट ८० लाखांचा धरा. बँक ६४ लाख देते, १६ लाख आपल्या खिशातले. वर सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे आणखी ५ लाख ६० हजार. “मॅडमच्या नावावर घ्या, एक टक्का वाचतो,” असं सेल्सवाला मुलगा म्हणाला तेव्हा ८० हजार वाचल्याच्या आनंदात आम्ही दोघांनी परत एकेक कोल्ड कॉफी घेतली. मग बँकेच्या माणसानं नवऱ्याची जन्मतारीख विचारली. आतापर्यंत आम्ही वीस वर्षांची मुदत आणि साडेपंचावन्न हजारांचा हप्ता धरून चाललो होतो. जन्मतारीख पाहून त्यानं निवृत्तीपर्यंतची आठ वर्षं धरली आणि हप्ता ब्याण्णव हजारांवर गेला. तेवढा ह्यांचा पगारही नाही. बँकेचा माणूस बिचारा ओशाळून म्हणाला, “मुलगा नोकरीला लागला की जॉइंट करू या.” मुलगा तेव्हा नववीत होता.

त्याआधी आम्ही घरं बघण्याची हौस मात्र पुरेपूर फेडून घेतली. रविवारी न्यायला गाडी यायची. पुण्याची हद्द पूर्वी सरकार ठरवायचं, आता जाहिरातवाले ठरवतात. म्हाळुंगे म्हणजे ‘बाणेर अनेक्स’, उंड्री म्हणजे ‘एनआयबीएम अनेक्स’. या हिशेबानं आणखी पाच वर्षांत सासवड हे कॅम्पचं मागचं अंगण होईल. काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल असतं. स्पंजची झाडं, निळ्या रंगाचा पोहण्याचा तलाव, तलावाकाठी बोटभर उंचीची गोरीपान कुटुंबं. मुलगा तिथून हलायचा नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये खोल्यांना दारं नव्हती. का, ते मला पलंगावर बसल्यावर कळलं. पलंग सहावीतल्या मुलाच्या मापाचा होता. दारं नसली आणि पलंग आखूड असला, की खोली भव्य दिसते. २०१७ मध्ये महारेरा आल्यापासून कार्पेट किती ते सांगावं लागतं खरं, पण पलंगाची लांबी सांगायची सक्ती अजून कुणी केलेली नाही.

या घर घेण्याच्या धास्तीचं मला नवल वाटतं ते आजोबांमुळे. आजोबा नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत राहायचे. भाडं अठरा रुपये. १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या सप्टेंबरात होती तिथेच खिळून टाकली होती, त्यामुळे महागाई कुठल्या कुठे गेली तरी अठराचे अठराच राहिले. वाड्यात आठ बिऱ्हाडं. त्यात एक कॉलेजातले प्राध्यापक, एक वकील, एक छापखान्यातले कंपोझिटर. वकिलांना कुणी कधी विचारलं नाही, की ‘अजून भाड्यानंच का?’ अर्ध्या पेठा भाड्यानंच राहायच्या. मुलगी दाखवायला आलेले लोक नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारत, सातबारा नव्हे. आता वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ असा रकानाच असतो आणि तो रिकामा राहिला तर पुढचे रकाने कुणी वाचत नाही.

मालकाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. आठ बिऱ्हाडांचं मिळून जे भाडं जमायचं, त्यात पावसाळ्याआधी कौलं शाकारून होत नसत. मालक दर महिन्याच्या पाच तारखेला पावतीपुस्तक घेऊन यायचे, जिन्यातच उभे राहायचे आणि भिंतीच्या पोपड्यांकडे बघायचं टाळायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा वाड्याची मागची भिंत गेली. आजोबांची पाण्याची दोन पिंपं आणि पाटा वाहून गेला. भिंत मालकाची होती. पुढे पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या, ओळखीतले काही सहकारनगरकडे गेले आणि ‘घरवाले’ झाले. त्यांच्यातल्या कित्येकांची जमीनही सरकारकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळालेली, पण हे आमच्या आजीला कुणी सांगितलं नाही. ती जन्मभर त्यांचा हेवा करत राहिली.

आणि मग आजोबांनी ती गोष्ट केली, जिच्यावरून आमच्या घरात अजून दिवाळीला वाद होतो. ते बाबांच्या नोकरीच्या गावी राहायला गेले आणि जाताना खोल्यांची किल्ली मालकांना देऊन आले. सोबत पेढ्यांचा पुडा. खोल्या आपल्याला नकोत, तर अडवून कशाला ठेवायच्या, एवढंच त्यांचं म्हणणं. ज्यांनी कुलूप लावून ठेवलं आणि वर्षातून एकदा झाडलोट करायला आले, त्या सगळ्यांना वाडा पाडून इमारत झाली तेव्हा एकेक फ्लॅट मिळाला. नारायण पेठेत, लिफ्टसकट. काका हा प्रसंग सांगताना पेढ्यांचा भावही सांगतात.

आमच्याकडे आता अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट असतं. वर्षाच्या आतला करार असला की नोंदणी टळते, म्हणून कोणे एके काळी हा अकराचा आकडा निघाला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी एका महिन्यासाठी असली तरी सक्तीची केली. अकरा मात्र सुटले नाहीत. नोंदणीला एजंट घरी येतो. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. माझा अंगठा कधीच पहिल्या फटक्यात उमटत नाही. तो म्हणतो, “भांडी घासता ना ताई? डोक्याला घासा जरा अंगठा.” केसांचं तेल लागलं की उमटतो. मग पंधरा पानं. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, की आम्हाला कुळाचा कुठलाही हक्क नाही, राहण्याची परवानगी तेवढी आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी आम्ही धड भाडेकरूसुद्धा नाही, लांबलेले पाहुणे. आजोबांची पदवी आमच्यापर्यंत पोचली नाही.

शेवटून तिसरं कलम दरवेळी तेच: भिंतीत खिळा मारू नये. त्यामुळे आमचा सगळा संसार आधीच्या भाडेकरूंच्या खिळ्यांवर लटकतो. या घरात घड्याळ इतकं उंच आहे, की सेल बदलायला शिडी लागते. आधीचं कुटुंब बहुधा उंच होतं. कालनिर्णय बाथरूमच्या दाराशेजारी आहे, कारण खिळा तिथे आहे. एक खिळा स्वयंपाकघरात ओट्याच्या पार खाली, गुडघ्याजवळ. तो कुणी कशासाठी मारला असेल, यावर आम्ही बराच विचार केला. सध्या तिथे पावशेराचं माप टांगलंय.

तोटे आहेतच. सोसायटीच्या सभेला बोलावत नाहीत. पण सभेहून परतणाऱ्या सभासदांची तोंडं पाहिली की त्याचं फारसं वाईट वाटत नाही. लिफ्ट बंद पडली की शेजारचे कुलकर्णीकाका मेंटेनन्सचा हिशेब मांडत जिने चढतात. आम्ही नुसते जिने चढतो.

मागच्या मार्गशीर्षात आमच्या मालकांचा फोन आला. फ्लॅट विकायचा म्हणाले, आणि “तुम्हाला घ्यायचा असेल तर आधी तुम्हाला विचारतो.” हा त्यांचा चांगुलपणा. आम्ही चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत मी बेडरूमला पिस्ता रंग दिला, बाल्कनीला जाळी बसवली आणि गुडघ्याजवळचा खिळा उपटला, सगळं मनातल्या मनात. मग ह्यांनी नाही म्हणून कळवलं.

घर बघायला माणसं येऊ लागली. मालक परगावी, त्यामुळे दाखवायचं काम आमच्याकडे. खोटं बोलायला आमचं काही जात नव्हतं आणि खरं बोलायलाही. मी सगळ्यांना बाथरूमच्या कोपऱ्यातली ओल दाखवायची. तरी एका तरुण जोडप्यानं घेतला. दोघं आयटीतली. सही झाल्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही राहा ना. आम्ही इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलाय.”

“तुम्ही कुठे राहता?”

“खराडीला. ऑफिसजवळ.” जरा थांबून तो म्हणाला, “भाड्यानं.”

मी चहा टाकला. त्यानं हप्ता फार जड जातोय म्हणून दोन हजार वाढवून मागितले. ह्यांनी ओल दाखवली. शेवटी एक हजार आणि नवा गीझर यावर तुटलं. गीझरसाठी भोकं पाडावी लागतील, त्याला त्यांची हरकत नाही, असं मी अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतलंय.