एका तासाचा नोकरदार

सोलापुरातली बेकारी घटली म्हणे. परवा भर सभेत जाहीर झालं, टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवायला आणलेल्यांना दिवसाचा रोज आणि पुरी-भाजी मिळाली होती, त्यामुळे त्या मांडवापुरती तरी गोष्ट शंभर टक्के खरी होती.

आकड्यांवर शंका घेऊ नका. सरकारी श्रमबल पाहणीचा साप्ताहिक हिशेब सरळ आहे: मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं, की माणूस कामावर. एक तास! 1877 पासून गिरणीच्या भोंग्यावर उठलेलं हे गाव. तिथे पाळी पुरी भरल्याशिवाय हजेरी लागत नसे. आता तासावर भागतं. पगारच हवा असंही नाही. घरच्या धंद्यात फुकट हात लावला तरी चालतो. एप्रिल 2025 पासून तर हे आकडे महिन्याच्या महिन्याला निघतात. आनंदाला खंड नको.

शहराच्या पूर्व भागातलं एक घर बघा. आई सकाळपासून विड्या वळतेय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. वाकडी, सैल विडी कारखान्यात बाजूला काढतात, तिचे पैसे नाहीत. बी.कॉम. झालेला पोरगा भिंतीला टेकून मोबाइल बघतोय. मंगळवारी आईचे डोळे चुरचुरले म्हणून त्यानं तासभर पानं कातरून दिली. झालं! आई कामावर, पोरगाही कामावर. समजा, नसती कातरली. पाहणीवाला दारात आल्यावर आई करवादते, ‘‘काम कसलं करतंय ते? शोधतही नाही, आणि उद्या कुणी आणून दिलं तरी उठायचं नाही!’’ काम शोधत नाही, करायला तयारही नाही, म्हणजे पोरगा श्रमबलाच्या बाहेर. बेकार तो तेव्हाही नव्हताच. आईनं पोटच्या पोराला हाणलेला टोमणा असा देशाच्या कामी आला. आणि पोरगा चिडून पुण्याच्या गाडीत बसलाच, तर पुढचं पुणं बघून घेईल.

हा एक तास मला इतका आवडलाय, की तो सगळीकडे लागू करावा असं वाटतं. आमच्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं आणि लोक उगाच बोंबलतात. आठवड्यात एक तास आलं ना? मग पाणीपुरवठा अखंड आहे. टॉवेलचा कारखाना बंद पडलाय, पण मालकानं गंज चढू नये म्हणून रविवारी तासभर माग फिरवला. उद्योग जोरात आहे. डिसेंबर 2022 मध्ये इथली लग्नाळू पोरं फेटे-मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती. मुली मिळत नाहीत म्हणून वरातीचा मोर्चा निघाला होता. त्या बिचाऱ्यांना ही व्याख्या कुणी सांगितलीच नाही. मुलीच्या बापानं विचारलं, ‘‘जावईबापू काय करता?’’ तर छाती काढून सांगायचं, ‘‘मामा, मंगळवारी चार ते पाच.’’ मामा पुढे विचारतील, ‘‘आणि बुधवारी?’’ मामांना सांख्यिकी कळत नाही. त्यांना पगाराची स्लिप लागते, पुण्यात फ्लॅट लागतो, पीएफ कापतात की नाही तेही लागतं. देशातली सगळ्यांत कडक श्रमबल पाहणी मुलीचे बाप करतात, आणि तिचा अहवाल घोड्यावर बसून निघतो.

बरं, विड्या वळणाऱ्या आईचं ते पोरगं बेकार नाही, हे कागदावर ठरलं. मग सरकार, भरती निघाली की त्याच्या दारात वसुलीला कसे येता? 2023 ची तलाठी भरती आठवा. जागा 4644, अर्ज दहा लाखांवर, आणि अर्जाची फी खुल्या गटाला 1000 रुपये, राखीव गटाला 900. हजार विड्या वळल्या तरी त्या आईच्या हातात हजार रुपये पडत नाहीत हो! नोकरी द्यायची ताकद नाही, निदान नोकरी मागण्याचे पैसे तरी घेऊ नका. आकडे मोजताना पोरगं कामावर, आणि फी घेताना मात्र ते गरजू उमेदवार? ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची फी परत करा. तेही जमत नसेल, तर आठवड्यातून एक तास लाज बाळगा. तुमच्याच व्याख्येनं, तुम्हाला लाज आहे असं आम्ही धरून चालू.