क्लेमकर

क्लेमकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. सल्लागार कंपनीत आडनाव पगाराच्या स्लिपेपुरतं उरतं. बाकी साठीला टेकलेल्या पार्टनरलासुद्धा पहिल्या नावाने हाक मारायची रीत. फक्त याच्या बाबतीत आमच्या मजल्याने अपवाद केला आणि त्याला नवं आडनाव बहाल केलं. त्यालाही ते लागलं नाही. उलट एकदा म्हणाला, "चूक आहे. क्लेम मी करतो, पण मंजूर फायनान्स करतं. श्रेय त्यांना द्या."

आमचं काम लोकांना सल्ला देण्याचं. ज्या धंद्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यात तीस वर्षं मुरलेल्या माणसाला त्याचं काय चुकतं ते साठ स्लाइडींत सांगायचं आणि त्याचे पैसे तासावर लावायचे. रुजू होताना प्रत्येकाला कंपनीचं शंभरेक पानांचं धोरण-पुस्तक मिळतं. शेवटच्या पानावर 'वाचले, समजले, मान्य' अशी चौकट असते, तिच्यात सगळे टिचकी मारतात आणि लॅपटॉप घ्यायला जातात. क्लेमकरने ते पुस्तक वाचलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

चहाच्या मशीनपाशी तो गाठतो. "तुला वाटतं कंपनीचे बारा टक्के तुझ्या पीएफमध्ये जातात. जात नाहीत. त्यातले १,२५० रुपये पेन्शनला वळतात. १५,००० च्या ८.३३ टक्के. पासबुकात वेगळा रकाना आहे, बघितलायस कधी?" समोरच्याने बघितलेला नसतो. समोरचा साखर कुठे आहे एवढंच विचारायला आलेला असतो.

जुन्या करपद्धतीत राहिलेला तो आमच्या मजल्यावरचा शेवटचा माणूस. प्रवास-सवलत चार वर्षांच्या गटात दोनदाच मिळते, तीही भाड्याचीच, हॉटेलची नव्हे, हे गोव्याहून रिसॉर्टचं बिल घेऊन आलेल्यांना तोच सांगतो, आणि सांगताना त्याला खरोखर वाईट वाटतं. हॉटेलच्या पावत्यांवरची शाई दोन महिन्यांत उडते म्हणून तो प्रत्येक पावतीची आधी झेरॉक्स काढतो आणि मूळ पावती झेरॉक्सला टाचणी लावून ठेवतो. स्टेपल नाही, टाचणी. स्टेपल ऑडिटवाल्यांना काढावी लागते.

मात्र हे सगळं ऐकून तो चिक्कू किंवा लबाड आहे असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक. एकदा क्लायंटकडून परतताना त्याने टॅक्सी दादरला मावशीच्या दारात उभी केली, डबा दिला आणि पुढे आला. त्या क्लेममधून त्याने ४० रुपये स्वतःच वजा केले आणि शेरा लिहिला, 'थांबा खाजगी.' फायनान्सने तो कागद अजून भिंतीवर लावून ठेवलाय. हक्काचं सोडायचं नाही आणि बिनहक्काचं शिवायचं नाही, एवढा सोपा त्याचा धर्म. असा माणूस ऑफिसात सगळ्यांनाच अडचणीचा होतो.

तर यंदा आमचं ऑफसाइट काशीदला ठरलं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, 'एक टीम म्हणून जवळ येण्यासाठी'. एचआरची ईमेल आली आणि दहा मिनिटांत क्लेमकरचं उत्तर सगळ्यांना गेलं. शनिवार-रविवारच्या बदली रजा मिळणार का? समुद्रात काही झालं तर ते नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे 'नोकरीच्या ओघात' झालं असं कंपनी मानणार का? आणि माणशी खर्च किती, व न येणाऱ्यास तो रोखीत मिळेल का? एचआरने उत्तरादाखल एक हसरा पिवळा चेहरा पाठवला. क्लेमकरने परत विचारलं, "ही मुद्रा होकारार्थी धरावी का?"

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग, चौल, रेवदंडा. कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडला तेव्हा पुढच्या सीटवर अंताक्षरी सुरू होती आणि मागच्या सीटवर क्लेमकर कुणाला तरी बेल कर्व्ह समजावत होता. कोर्लईचा किल्ला कुणीच पाहिला नाही.

काशीदचा किनारा सुंदर आहे हे सांगायला माझी गरज नाही. तीनेक किलोमीटर पांढरी वाळू, मागे सुरूचं बन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्या बनात खिंडारं पाडली, ती अजून दिसतात. समुद्र दिसायला लाघवी पण आत ओढणारा, म्हणून खोल जाऊ नका अशा पाट्या. बाकी उंट, घोडे, वाळूतून फटफटणाऱ्या चारचाकी मोटारसायकली, कांदाभजी, शहाळी. आणि शनिवार-रविवारी कंपन्या. त्या दिवशी किनाऱ्यावर निळ्या टी-शर्टांतलं एक कुटुंब होतं, केशरी टी-शर्टांतलं दुसरं, आणि आमचं पोपटी. तिन्ही टी-शर्टांच्या पाठीवर कमीअधिक फरकाने एकच मजकूर, आपण सगळे एक परिवार आहोत. रस्सीखेच चालू असताना निळ्या परिवारातला एक जण चुकून आमच्या दोरीला लागला आणि बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही.

क्लेमकर पायाची बोटंसुद्धा पाण्यात न घालता पाटीशेजारी उभा होता. नुकसानभरपाईचं उत्तर लेखी आलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, टी-शर्टवर तरी बघ, परिवार म्हणतायत." तो म्हणाला, "पान ३१. कुटुंबाची व्याख्या. पती किंवा पत्नी, दोन अपत्यं, आईवडील. सासूसासरे वगळून. त्यात आपण कुणीच बसत नाही."

दुपारी 'आपली संस्कृती' नावाचं सत्र झालं. सुरुवातीला पार्टनर बोलला. त्याचं म्हणणं, इथे दार कायम उघडं असतं. हे खरंच आहे, आमच्या ऑफिसात केबिनच नाहीत. मग प्रत्येकाने चिकटचिठ्ठीवर कंपनीबद्दल जे मनापासून वाटतं ते लिहून भिंतीला लावायचं होतं. भिंतीवर 'ऊर्जा' आली, 'विश्वास' आला, 'लवचीकता' तीनदा आली. रात्री दीड वाजता स्लाइडी मागवणाऱ्यानेच त्यातली एक लिहिली होती, अक्षर मी ओळखतो. क्लेमकरच्या चिठ्ठीवर होतं: 'खर्चाची परतफेड पाच दिवसांत होते. आधीच्या नोकरीत चाळीस लागायचे. चांगलं आहे.' दिवसभरात कंपनीची पुराव्यानिशी झालेली तेवढी एकच स्तुती. पण सत्र घेणाऱ्या बाईंना ती कुठल्या गटात घालावी कळेना, म्हणून 'इतर' मध्ये गेली.

दरवर्षी निनावी पाहणी होते तेव्हाही याचं असंच होतं. ही कंपनी मित्राला सुचवाल का, शून्य ते दहा. आम्ही सगळे आठ देतो. नऊ दिले तर खोटं वाटतं आणि सात दिले तर बैठक लागते. क्लेमकर प्रश्नाला प्रश्न करतो: 'मित्र कोणत्या ग्रेडवर येणार?' पाहणी निनावीच असते, पण परिशिष्टाचा क्रमांक घालून तक्रार लिहिणारा माणूस कंपनीत एकच आहे.

एकदाच मी त्याला चिडलेला पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममधल्या सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीच्या आईचं पत्र सगळीकडे फिरलं. नोकरीला लागून चार महिन्यांत मुलगी गेली होती, आणि कामाच्या ओझ्याबद्दल आईने थेट फर्मच्या प्रमुखालाच लिहिलं होतं. आमच्या मजल्यावर त्या दिवशी प्रत्येकाने ते टेबलाखाली मोबाइल धरून वाचलं. पुढच्या आठवड्यात आमच्या कंपनीने सगळ्यांना ध्यानधारणेच्या ॲपची वर्षभराची वर्गणी भेट दिली. क्लेमकरने ती घेतली नाही, आणि तो काही नाकारतो हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने टाउनहॉलमध्ये उभं राहून विचारलं, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस लिहिलेत. मग आपल्या टाइमशीटमध्ये दिवसाच्या रकान्यात आठच्या वर आकडा का टाकता येत नाही? आपण खरंच आठच तास बसतो म्हणून, की जास्तीचे मोजायचे नाहीत म्हणून? उत्तर 'ऑफलाइन' देण्याचं ठरलं. म्हणजे ते मिळालं नाही.

तर काशीदला शनिवारी रात्री शेकोटी पेटली, स्पीकर लागला, आणि सुरूच्या बनाच्या कडेला क्लेमकरचा दरबार भरला. भरला म्हणजे त्याने भरवला नाही. दिवसभर त्याची टिंगल करणारे एकेक जण 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत तिकडे वळायला लागले. पहिली आली ती आमच्याच टीममधली मुलगी. दुसरीकडची ऑफर हातात, इथे चार वर्षं आठ महिने झालेले. क्लेमकरने काटकी घेतली आणि ओल्या वाळूत मांडलं. मूळ पगार ५२,०००. भागिले २६, गुणिले १५, झाले ३०,०००. गुणिले पाच वर्षं, दीड लाख. "ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पुरी लागतात. मद्रास हायकोर्टाचा एक निकाल आहे, चार वर्षं आणि वर २४० दिवस चालतात म्हणून. पण तुझे २४० भरले की नाही ते तुझ्या बिनपगारी रजा ठरवणार. आणि निकालाच्या भरवशावर कुणी राजीनामा देतं का? त्यांना सांग, चार महिन्यांनी येते. खरंच हवी असशील तर थांबतील." गावातलं एक कुत्रं येऊन ३०,००० वर बसलं. त्याने शांतपणे बाजूला परत मांडलं. भरती कुठवर येणार ते तो संध्याकाळीच विचारून आला होता.

मग एक होऊ घातलेला बाप आला. ("खाजगी नोकरीत बापाला कायद्याने एकही दिवस नाही. आपली कंपनी दहा देते. पान ४४. मुलाच्या जन्माआधी अर्ज कर, नंतर विसरशील.") दोघे नोटीस पिरियड विकत घेता येतो का विचारायला आले. दहाच्या सुमारास, चपला हातात धरून, एचआरच आली. तिला सहावा महिना होता. सव्वीस आठवड्यांची रजा तिला पाठ होती. रजेनंतर बाळाला ठेवायचं कुठे, हा तिचा प्रश्न. क्लेमकर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "पन्नासच्या वर माणसं असली की पाळणाघर बंधनकारक आहे. आपण दोनशे आहोत. हे तू मला विचारायचं की मी तुला?" ती म्हणाली, "म्हणूनच रात्री आलेय."

रिसॉर्टमध्ये खोल्या कमी पडल्या म्हणून आम्हा काही जणांची सोय जवळच्या वाडीतल्या एका घरगुती निवासात केली होती. रविवारी सकाळी क्लेमकरने पॅकेजबाहेरची दोन जास्तीची घावनं खाल्ली आणि तिथल्या काकूंकडे बिल मागितलं. काकूंनी बिलबुक उघडलं, पेनाचं टोपण दातांत धरलं.

"कितीचं लिहू?"

"म्हणजे? साठ रुपये दिले ना मी."

"दिले ओ. पण लिहू कितीचं? कंपनीवाले लिहून नेतात दोनशे-तीनशे."

"साठचंच."

काकूंनी टोपण काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "सरकारी आहात काय तुम्ही?" आणि मग, का कोण जाणे, आत जाऊन बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

त्या डब्यात त्यांचं निसर्ग वादळ होतं. मागच्या वाडीतल्या पासष्ट पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. सरकारने फळबागेला हेक्टरी ५०,००० जाहीर केले. पण कोकणात हेक्टर असतो कुणाकडे? काकूंची वाडी चार गुंठ्यांची, त्या हिशेबाने हाती दोन हजारांच्या आसपास. पुढे ओरड झाली तेव्हा झाडावर दर ठरला, नारळाला २५० आणि पोफळीला ५०. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं, आणि पडली की पन्नास रुपये. तेही अडकले, कारण सातबारा सामाईक. अकरा नावं. त्यातली चार डोंबिवलीला, दोन बोरिवलीला, एक वारलेलं आणि एक बोलत नसलेलं.

क्लेमकर कागद बघत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता. काकूंनी पडलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर चुन्याने नंबर घातला होता, एक ते पासष्ट, आणि भाच्याच्या मोबाइलवर प्रत्येकाचा वेगळा फोटो. पंचनाम्याची प्रत, तलाठ्याची सही, तहसीलची पोच. पोचेच्या तर त्यांनी झेरॉक्स काढल्या होत्या आणि मूळ प्रतीला टाचणी लावली होती.

"स्टेपल का नाही मारली?" त्याने विचारलं.

"मुरुडच्या कचेरीत ते उचकटतात, कागद फाटतो."

मी उठून बॅग भरायला गेलो. त्या दोघांच्या मध्ये तिसऱ्याचं काही काम नव्हतं. परत आलो तर तो संमतिपत्राचा मसुदा लिहीत होता, डोंबिवलीकरांसाठी एक आणि न बोलणाऱ्यासाठी वेगळा, जरा मऊ भाषेतला. बसने हॉर्न दिला. एचआरचे तीन फोन येऊन गेले, त्यातला एक त्याने उचलला आणि "काम चालू आहे" म्हणून ठेवला. रो-रो चुकेल म्हणून शेवटी बस आम्हाला घेऊन निघाली. तो मागाहून एसटीने अलिबागला आला, स्वतःच्या पैशाने, आणि त्याचा क्लेम केला नाही.

सोमवारी टाइमशीट भरताना मात्र त्याने ते तीन तास सोडले नाहीत. आमच्या पुस्तकात पान ८७ वर सामाजिक कामासाठी प्रत्येकाला वर्षाला सोळा तास पगारी दिले आहेत. कंपनी स्थापन झाल्यापासून ते कुणी वापरले नव्हते. बऱ्याच जणांना तो रकाना आहे हेच ठाऊक नव्हतं. शीट एकदा परत आली. 'लाभार्थी संस्थेचे नाव' ही चौकट रिकामी होती आणि ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. क्लेमकरने तिथे गट क्रमांक घातला आणि पुढे लिहिलं: सामाईक, खातेदार अकरा, पैकी एक मयत.