उघडली मूठ

रिडले स्कॉटच्या १९७९ च्या ‘एलियन’मध्ये एक अवाढव्य मेलेला प्राणी खुर्चीत बसलेला दिसतो. छाती आतून फुटलेली, हाडं खुर्चीतच रुजल्यासारखी. हा कोण, कुठला, इथे कशाला आला? सिनेमा चकार शब्द काढत नाही. तेहतीस वर्षं ही झाकली मूठ सव्वा लाखाची होती. २०१२ मध्ये स्कॉटनेच बारा-तेरा कोटी डॉलर ओतून ती उघडली. ‘प्रोमिथियस’ म्हणतो, ती हाडं नव्हतीच, अंगावरचा पोशाख होता. आत कोण? तर तालमीतून नुकताच आलेला, पांढराफटक टकलू बाप्या. मानवजातीचा निर्माता म्हणे!

पैसा पडद्यावर दिसतो, नाही असं नाही. सुरुवातीचा आइसलंडचा डेटीफॉस धबधबा, यंत्रमानव डेव्हिडभोवती फिरणारा ताऱ्यांचा नकाशा... डोळ्यांचं पारणं फिटतं.

पण या निर्मात्याच्या शोधात निघालेल्या यानात भरलेले ते शास्त्रज्ञ! परक्या वास्तूतली हवा श्वास घेण्याजोगी आहे एवढं कळायचा अवकाश, हेल्मेट काढून मोकळे. जंतूबिंतू असतील हे कुणाच्या गावीही नाही. नकाशे काढणारी यंत्रं ज्याच्या ताब्यात, तो भूगर्भतज्ज्ञच वाट चुकतो. त्याच्या जोडीचा जीवशास्त्रज्ञ दोन हजार वर्षांपूर्वीच्या मढ्याला घाबरून पळालेला. समोर फणा काढून जिवंत काहीतरी उभं राहिल्यावर मात्र हा लाडाने हात पुढे करतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागून परक्यांचं भलंमोठं यान चाकासारखं घरंगळत येतंय आणि मोहिमेच्या प्रमुख व्हिकर्सबाई नाकासमोर पळतायत. अहो, दोन पावलं बाजूला व्हा की!

एका प्रसंगात तिकिटाचे पैसे वसूल होतात. या शास्त्रज्ञांपैकीच एक, एलिझाबेथ शॉ, तिच्या पोटात नको ते वाढतंय, आणि शस्त्रक्रियेचं यंत्र फक्त पुरुषांसाठी बनवलेलं. सिझेरियन त्याच्या गावीच नाही. मग ‘पोटातली परकी वस्तू काढ’ असा हुकूम सोडून ती शुद्धीत असतानाच पोट फाडून घेते. नूमी रापास तो प्रसंग असा करते की आपलाच हात पोटाकडे जातो. (पुढे टाक्यांसकट ती धावते, उड्या मारते. सव्वा महिन्याची बाळंतीण बघितलेल्यांनी तिथे डोळे मिटावेत.)

आणि मायकल फासबेंडरचा डेव्हिड. माणसं झोपलेली असताना हा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ बघतो, त्यातल्या पीटर ओ’टूलसारखे केस रंगवतो, परक्यांची भाषा शिकतो. यानातली सगळी अक्कल या एका यंत्रमानवात. मुंडकं उपटलं तरी यान चालवायचं त्यालाच ठाऊक.

पुढचा भाग २०१७ मध्ये आला. फासबेंडरला त्यात डबल रोल मिळाला. माणसं मात्र नव्या ग्रहावर पुन्हा बिनहेल्मेटचीच उतरली.