जिवंत माशाचं काय करायचं?
नागोठणे आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

घरात दोन फुटांची काचेची पेटी आहे, पेटीत मासा आहे आणि तो काल रात्रीपासून तळाशी कोपऱ्यात बसून आहे, अशा वाचकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांचा मासा कढईत आहे त्यांनी पुढे वाचायची गरज नाही. मेलेल्या माशाबद्दल नागोठणेकराला कोणी काही शिकवू नये. अंबा नदीचा काठ, खाली धरमतरची खाडी आणि गावातच कोळीवाडा, एवढ्या भांडवलावर इथलं शाळकरी पोरही ताजं आणि शिळं वासावरून सांगतं. अडचण फक्त जिवंत माशाची आहे. त्याचा आपल्याला सराव नाही.

पेण-अलिबागच्या खारेपाटात तलावात जिताडा पाळायची रीत जुनी आहे, हे खरं. पण तो जिताडा पाहुणा आला की निघतो, नाहीतर एखाद्या साहेबाकडे काम अडलं की निघतो. त्याला औषधपाणी करायची वेळ येत नाही, आजारी पडायच्या आत त्याचं कालवण झालेलं असतं. तुमच्या गोल्डफिशच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे.

पायरी पहिली: कोणाला सांगू नका. मासा आजारी असल्याची बातमी आळीत फुटली की संध्याकाळपर्यंत पेटीत चिमूटभर हळद, तुरटीचा खडा आणि कोणाच्या तरी तापावरची उरलेली अर्धी गोळी पडते. शिवाय एक मावशी येतातच, ज्यांच्या मते मासा मरणं शुभ असतं, कारण घरावरचं संकट तो स्वतःच्या अंगावर घेतो. वास्तूवाल्यांनी ही समजूत इतकी रुजवली आहे की काही घरांत मासा मेल्यावर पेढे वाटायचेच काय ते बाकी असतं. महिन्याला चार संकटं टळत असतील तर कृपया फिल्टर उघडून बघा.

पायरी दुसरी निदानाची. इथे मात्र नागोठणेकर जन्मतःच अर्धा शिकलेला असतो. बाजारात कोळीण मासा कशी दाखवते ते आठवा. डाव्या हातात डोकं धरून उजव्या अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचलते आणि आतला लाल पिसारा तुमच्या नाकाखाली आणते. तुम्ही बोट लावून बघता. चिकट तपकिरी लागलं की पुढच्या टोपलीकडे वळता. तिचं म्हणणं एवढंच, "आदी कल्ला बघ बाला, मग भाव कर." पशुवैद्यकाच्या पुस्तकात याहून फार वेगळं लिहिलेलं नाही. कल्ला लाल म्हणजे रक्तात प्राणवायू आहे. फिका म्हणजे रक्त कमी झालंय किंवा परजीवी लागलेत. आणि जिवंत माशाचा कल्ला चॉकलेटी दिसला तर पाण्यातलं नायट्राइट त्याच्या रक्तात शिरलं आहे, आणि ते रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. भोवती प्राणवायू भरपूर असला तरी मासा गुदमरतो.

फरक एकच, जिवंत माशाचा कल्ला अंगठ्याने उचलायचा नाही. लांब बसून बघायचं. झाकणं भराभर हलतायत का, मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतोय का, की फिल्टरच्या धारेखालीच उभा आहे? तीनही खुणा पाण्याच्या आहेत. नवशिक्यांच्या पेटीतले बहुतेक आजार पाण्यापासून सुरू होतात. ज्या गावाच्या बाजारपेठेत अंबेचं पाणी वेळीअवेळी येऊन जातं, जिथे १९८९ च्या जुलैतला पूर आठवणारी माणसं अजून आहेत, त्या गावात पाण्याला इतकं गृहीत का धरतात, हे मला उमगलेलं नाही.

तर पाण्याचं गणित असं. मासा पेटीतच खातो आणि पेटीतच घाण करतो. त्या घाणीचा आणि उरलेल्या खाण्याचा अमोनिया होतो, जो विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी पेटी आणतो, रविवारीच भरतो आणि रविवारीच बारा मासे सोडतो. पुढच्या रविवारी सात असतात. मग दुकानदाराला शिव्या देत पेटी रिकामी करायची, दगड साबणाने धुवायचे, स्पंज नळाखाली पिळून पांढरा करायचा आणि जेमतेम बसू लागलेली वस्ती उठवायची. स्वच्छतेचा हा सोहळा आपल्याकडे दर पंधरवड्याला होतो आणि सगळ्यांत जास्त मासे त्यातच मरतात.

नळाचंही बघा. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते, पावसाळ्यात जरा सढळ हाताने. तुमच्या जुलाबांसाठी ते उत्तम. माशाच्या कल्ल्यांना आणि स्पंजमधल्या जीवाणूंना मात्र त्यातलं क्लोरीन जाळतं. पाणी रुंद बादलीत दिवसभर उघडं ठेवा, नाहीतर दुकानात मिळणारं अँटीक्लोर थेंबांच्या हिशोबाने घाला. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज धुवायचा तर पेटीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा दाबा. काळा दिसला तरी चालेल.

शेजारी कोणी कंपनीत लॅबला असेल तर त्याला चहाला बोलवा. नागोठण्यात 'कंपनी' म्हटलं की आधी आयपीसीएल होती, आता रिलायन्स आहे, आणि तिथल्या माणसाला पीएच या विषयावर बोलायला घरी कोणी देत नाही. तो सांगेल ते कामाचं असतं. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागही धड विषारी रूपात नसतो, तोच ८ झाला की पाचेक भाग होतो. शिवाय पाणी तापलं की विष वाढतं आणि विरघळलेला प्राणवायू घटतो. २० अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम असतो तो ३० ला साडेसातवर येतो. मे महिन्यातल्या नागोठण्यात पेटी खिडकीत ठेवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

पायरी तिसरी: रोग ओळखणे. अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके आणि मासा दगडांवर अंग घासतोय, तर तो व्हाइट स्पॉट. ठिपक्यात परजीवी कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, कोष करतो, शेकड्यांनी फुटतो आणि पिल्लं नवा मासा शोधत पोहू लागतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्यांना. चौथ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध बंद करून जो स्टेटस टाकतो, त्याच्याकडे आठव्या दिवशी दुप्पट ठिपके येतात. ठिपके गेल्यावरही आठवडाभर औषध चालू ठेवा, आणि उपचार सगळ्या पेटीला करा, एका माशाला करून भागत नाही. पाणी हळूहळू ३० अंशांवर नेलं तर चक्र लवकर पुरं होतं, मात्र हवेचे बुडबुडे वाढवावे लागतात.

तोंडाभोवती कापूस दिसला की सगळे फंगस म्हणतात. पुष्कळदा तो जीवाणूंचा रोग असतो आणि उष्णतेने भडकतो. म्हणजे व्हाइट स्पॉटवर वाचलेला उपाय इथे केलात तर मासा दोन दिवसांत जाईल. शेपटीच्या कडा झिजून चिंध्या होत असतील तर आधी पाणी बदला, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. गोल्डफिश उलटा तरंगत असेल तर कोरड्या गोळ्यांनी त्याचं पोट फुगलेलं असण्याची शक्यता मोठी. दोन दिवस खाणं बंद, मग साल काढलेल्या उकडलेल्या मटाराचा तुकडा. श्रावणात आपण महिनाभर मासा सोडतो, माशाने दोन दिवस उपास केला तर आजीने हळहळू नये. आणि वरून बघताना सगळे खवले उभे राहून मासा फणसासारखा दिसत असेल, तर त्याचं मूत्रपिंड बहुधा निकामी झालं आहे. यातून क्वचितच मासा उठतो. असा मासा दुसऱ्या भांड्यात ठेवा आणि दुकानदाराच्या नव्या बाटलीवर पैसे घालू नका.

पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा पोरं त्यातला एखादा आणून पेटीत सोडतात. हौस गोड आहे. पण त्याच्या अंगावरून माशाच्या उवा आणि दोऱ्यासारखा लोंबणारा अँकर वर्मही येऊ शकतो. नवा मासा, मग तो शेतातला असो की क्रॉफर्ड मार्केटातून दिवा-रोहा गाडीने मांडीवर बसून आलेला असो, दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात राहील. मुंबईहून गाडीने महामार्गाने आणणार असाल तर वेळेचा हिशोब नीट करा. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि पिशवीतला प्राणवायू तेवढा पुरत नाही.

पायरी चौथी: औषध. दुकानातली निळी बाटली म्हणजे मिथिलिन ब्लू. ती पेटीत ओतली की मासा दिसेनासा होतो, याला नवशिके गुण आला असं म्हणतात. निळं औषध फिल्टरमधले जीवाणूही मारतं, म्हणून ते वेगळ्या बादलीतच वापरा, बुडबुड्यांची नळी सोडून. मात्रा ठरवण्याआधी पेटीत पाणी किती ते मोजा. दोन बाय एक बाय एक फुटाची पेटी काठोकाठ ५६ लिटर होते. दगड आणि वरची मोकळी जागा धरली तर हातात ४०-४५ लिटरच उरतात. 'अंदाजे एक झाकण' हे माप पेटीला लागू नाही.

घरात एक औषध आधीच असतं, आणि ते आपल्या पेणच्या मिठागरांतलं असलं तर अधिकच बरं. खडे मीठ. लिटरमागे एक ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून तीन-चार हप्त्यांत घालायचं. मिठातलं क्लोराइड कल्ल्याशी नायट्राइटची वाट अडवतं, म्हणून चॉकलेटी कल्ल्यावर ते खरंच चालतं. खवले नसलेल्या माशांना आणि पेटीतल्या वनस्पतींना मात्र ते सोसत नाही. मेडिकलमधली माणसांची अँटिबायोटिक्स टाकू नका. पेटी लहान असली तरी तिचं पाणी शेवटी गटारात आणि गटारातून अंबेतच जातं.

डॉक्टरांचं काय? गुरांच्या दवाखान्यात गोल्डफिश नेऊन बघायला हरकत नाही. रांगेत पुढे म्हैस असेल, मागे शेळी असेल, तुमच्या हातात पिशवी असेल आणि लोक विचारतील, कितीला घेतला? शास्त्रशुद्ध उत्तर हवंच असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. एका मॉलीसाठी तिथवर जाणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण शंभर माशांची टाकी असेल तर विचारपूस करावी.

पायरी पाचवी पावसाळ्याची. वीज जाते, मोटर थांबते. दर थोड्या वेळाने मगाने पाणी वरून सोडत राहा, किंवा बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा. वीज नसताना खाणं देऊ नका. नदी चढतेय असं कळलं तर भरलेली पेटी माळ्यावर न्यायचा पराक्रम करू नका, नुसतं पाणीच ४०-४५ किलो असतं. झाकणाच्या बादलीत पेटीतलंच पाणी घ्या, त्यात मासे आणि फिल्टरचा ओला स्पंज टाका आणि बादली वर न्या. पेटी पुन्हा मिळेल, स्पंजमधली वस्ती मिळायला सहा आठवडे जातील.

पायरी सहावी: कंटाळा आल्यास. मोठा झालेला सकर किंवा राहिलेला आजारी मासा गावातल्या सोळाव्या शतकातल्या दगडी पुलावरून अंबेत सोडून पुण्य मिळवू नका. आंध्रपासून बंगालपर्यंत तळ्यांत असे सोडलेले सकर माजले आहेत आणि मच्छीमारांची जाळी फाडतायत. रोगी मासा सोडलात तर रोगही सोडलात. आपल्या कोळीवाड्याची टोपली त्याच पाण्यावर भरते. मेलेला मासा कुंडीत खोल पुरा, ठणठणीत पण नको झालेला दुकानात परत द्या.

एवढं करूनही मासा गेला तर पेटी रिकामी करू नका आणि लगेच पेणच्या दुकानात धावू नका. दुकानदार म्हणेल, साहेब, जोडी आजच न्या, उद्या राहणार नाही. राहते. त्याच्याकडून या खेपेला फक्त अमोनिया आणि नायट्राइट तपासायची किट घ्या, दोन्ही आकडे शून्यावर आले की मासे आणा, आणि आणाल तेव्हा दोनच आणा.